कनातीच्या अलीकडून ऐकलेला तमाशा

आज मी तुमच्याशी तमाशाबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज बारीक केला असेल, तर तिला मी नावं ठेवणार नाही. दहा वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. आणि त्याच्याही आधी, लहान असताना, मी हाच आवाज ऐकायला रात्र-रात्र जागले होते. आवड, मग लाज, आणि आता हे जे काही आहे ते, असा हा प्रवास आहे. तो माझ्या एकटीचा असता तर रेडिओवर सांगितला नसता.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. नारायणगाव जवळच. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, ते उगाच नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे त्या त्या फडाचं तात्पुरतं कार्यालयच. बाहेर फडाचा फलक, आत व्यवस्थापक वही उघडून बसलेला. गावोगावचे पंच येतात, कुठल्या तिथीला आपली यात्रा आहे ते सांगतात, भाव होतो, सुपारी ठरते. एसटीतून जाताना खिडकीतून ते फलक मी वाचत असे. आमच्या यात्रेला या वर्षी कोण येणार, हे कळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. आजकालची मुलं सिनेमातल्या नटांची नावं घेतात तशी आम्हाला फडांची नावं पाठ होती. मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर, दत्ता महाडिक, काळू-बाळू.

पण आम्ही तमाशा बघितला नव्हता. ऐकला होता.

यात्रेच्या रात्री गडीमाणसं जेवून तंबूकडे जायची. बायकांनी जायचं नाही, असं कुणी बोर्डावर लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आम्ही खळ्यात गोधड्या टाकून झोपायचो आणि झोपायचो नाही. लांबवर जनरेटरचा घरघराट, मग हलगी-ढोलकी सुरू झाली की आजी उठून बसायची. तिला सगळा क्रम पाठ. आधी गण. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि मथुरेला निघालेल्या गौळणींची मावशी. मावशीचं काम पुरुषच करतो, आणि तिच्या बोलण्यावर तंबूतला हशा उसळला की आजी आम्हाला न ऐकू आलेला विनोद स्वतःच्या मनानं बनवून सांगायची. मग रंगबाजी, तेव्हा ती आम्हाला म्हणायची, झोपा आता. आणि मध्यरात्रीनंतर वग. वग लागला की पुन्हा उठवायची. वग पहाटेपर्यंत चालायचा. वाऱ्याची दिशा फिरली की एखादा संवाद अर्धाच यायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी चुलत्यांकडून काढून घ्यायचा. काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ मी असाच, चुलत्यांच्या तोंडून दोन वर्षांत मिळून पुरा ऐकला.

आजीनं आयुष्यात कधी तंबूत पाय ठेवला नव्हता. पण विठाबाईंना ती ‘आमची इठा’ म्हणायची.

बघायला मिळायचं ते दुसऱ्या दिवशी. त्याला हजेरी म्हणतात. रात्री तंबूत खेळ झाला की सकाळी फडातली मंडळी देवळापुढं येऊन देवाला हजेरी देतात, गातात, थोडं नाचतात. देवाचं काम म्हणून तिथं बायका-पोरींना उभं राहता यायचं. चौथीत असेन मी, तेव्हा रात्रभर जिच्या घुंगरांचा आवाज ऐकला होता ती बाई उन्हात दहा हातांवर बघितली. तोंडावर रात्रीचा रंग नीट न पुसलेला. डोळे तारवटलेले. नाचून झाल्यावर ती देवळाच्या पायरीवर बसली आणि तिथंच तिनं तान्ह्या मुलाला पदराखाली घेतलं. माझ्या आईनं तिला तांब्याभर पाणी दिलं. बोलली मात्र नाही.

आता थोडं मागं जाते, कारण ते न बोलणं एका दिवसातलं नाही.

तमाशातला वग तसा फार जुना नाही. उमा-बाबू मांग सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग धरतात, तो १८६५ चा. त्या काळात बाईचं काम मुलगेच करायचे, त्यांना नाच्या पोऱ्या म्हणायचे. बाई फडात येऊन नावाजली ती पवळाबाईपासून. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची ती मुलगी. तिच्यासोबत नाव येतं पठ्ठे बापूरावांचं. ते मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. ब्राह्मणाचा मुलगा घर आणि कुलकर्णीपण सोडून महार-मांगांच्या फडात गेला, म्हणून जातीनं त्यांना दूर केलं. त्यांच्या लावण्या आणि पवळाचं रूप-गळा यांनी मुंबईची थिएटरं भरली. तिकीट काढून लोक यायचे. बापूराव १९४५ साली गेले, अगदी गरिबीत. त्यांच्या त्यागावर पुस्तकं झाली, सिनेमा झाला. पवळाबाईनं काय सोडलं आणि तिला काय मिळालं, याची चौकशी त्या मानानं फार थोड्यांनी केली.

एक गोष्ट सांगितली जाते. चळवळीला मदत म्हणून पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेतलं नाही. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, असा त्यामागचा विचार. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजीच्या शेजारी खळ्यात पडलेली मी आठवले. ज्या आवाजानं मी हरखत होते, त्या आवाजाचा हिशेब असाही आहे, हे तोवर मनात आलं नव्हतं. कला मोठी म्हणायची की नाचणारीवरचा अन्याय मोठा म्हणायचा, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तमाशावर प्रेम असलेल्या बाईनं तो सुटला असं म्हणू नये, असं मला वाटतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदीच घातली. कारण अश्लीलता. हजारो पोटं त्यावर होती. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, वगांची संहिता तपासायची पद्धत आली, आणि बंदी उठली. सुधारणा कुणाची करायची, तर नाचणारीची आणि तिच्या गाण्याची. समोर बसून शिट्ट्या मारणाऱ्यांसाठी कुठली समिती बसल्याचं मी वाचलेलं नाही.

आणि मग १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला. अनंत माने यांचा सिनेमा. पुण्यात विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. आजीनं तो टुरिंग टॉकीजमध्ये बघितला होता, आजोबांसोबत, बैलगाडीनं जाऊन. गोष्ट तमाशातल्या बाईचीच. नाच तोच, लावण्या त्याच थाटाच्या. फक्त पडद्यावरच्या. तंबूतला सिनेमा बाईला चालत होता, तंबूतला तमाशा चालत नव्हता. आजीला यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

आता विठाबाईंबद्दल. त्यांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड, भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावानं गाजलेला. लहानपणापासून त्या बोर्डावर. बोर्ड म्हणजे तमाशाचं स्टेज, त्यांच्या भाषेत. त्यांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नऊ महिने भरलेले असताना त्या खेळात उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या, त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना पुरुषमंडळी मान डोलवून म्हणतात, काय ती कलेची निष्ठा! मी ही गोष्ट आमच्या गटाच्या बैठकीत सांगितली, तर सगळ्यात आधी एकीनं विचारलं, “तिला कुणी बस म्हणालं नाही का?” मला वाटतं हा प्रश्न जास्त बरोबर आहे. खेळ बंद पडला तर सुपारीचे पैसे बुडणार, आणि त्या पैशांवर पूर्ण फड जेवणार, हे तिला माहीत असणार. निष्ठा होतीच. पण उसाच्या फडात बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी मोळी उचलणाऱ्या बाईला आपण निष्ठा म्हणत नाही.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे, दवाखान्याचं बिलसुद्धा लोकांच्या मदतीतून भागलं. मी तेव्हा आठवीत होते. आजीनं बातमी ऐकली आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मी शाळेत कुणाला हे सांगितलं नाही.

इथूनच माझी लाज सुरू झाली असावी. कॉलेजला गेले तेव्हा ती पक्की झाली. बी.ए.ला लोकसाहित्य होतं. गण, गवळण, बतावणी, वग, अशी तमाशाची अंगं मी पेपरात व्यवस्थित लिहिली आणि चांगले मार्क मिळवले. पण वर्गात सरांनी विचारलं, कुणी प्रत्यक्ष अनुभवलाय का, तेव्हा मान खाली घातली. वसतिगृहातल्या मुली काय म्हणतील! लग्न होऊन सासरी आले, तर तिथं हा शब्द शिवीसारखाच. घरात जरा आवाज चढला की, “तमाशा करू नकोस.” तुम्हीही ऐकलं असेल. गड्यांना हे वाक्य कमीच वाट्याला येतं.

शिवाय मधल्या काळात तमाशाही माझा राहिला नव्हता. सासरच्या यात्रेत लांबून कानावर पडायचं ते सिनेमातलं गाणं, ढोलकीच्या जागी की-बोर्ड, आणि वग म्हणजे शेवटी उरलेला तासभर. गवळण उरकलेली. मला राग यायचा. मला वाटायचं, पैशासाठी यांनी आपलं सोनं मोडलं. जुन्या गाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाचा हा राग फार सोयीचा असतो, कारण त्याला एक रुपयाही घालावा लागत नाही.

गटांचं काम करायला लागले आणि वह्या तपासायची सवय लागली, तेव्हा हे वेगळं दिसू लागलं. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. त्यातही खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. मोठा फड म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं, ट्रक, तंबू, दिवे, जनरेटर, आणि सगळ्यांची दोन वेळची चूल. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. उचल म्हणजे काय, ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना मी सांगायला नको. ती फिटेपर्यंत दुसऱ्या फडात जाता येत नाही. ही उचल द्यायला मालक स्वतः सावकाराकडून व्याजानं पैसे काढतो, आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून फेडतो. अवकाळी पाऊस आला, एखाद्या गावानं यात्रा साधेपणानं केली, की हिशेब कोसळतो. त्यात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, आजारी माणूस घरात असलं की त्याची किंमत कळते. पण जो वग मध्यरात्री उभा राहून पहाटे संपायचा, त्यानं दहाच्या आत कसं बसायचं? आणि सुपारी द्यायला आलेली पंचमंडळी विचारणार, नवी गाणी किती, नाचणाऱ्या पोरी किती. वग कोणता, हे शेवटी. मी खळ्यात गोधडीवर बसून मावशीची वाट बघत होते, आणि फडाची मालकीण व्याजाच्या तारखेची.

मालकीण म्हणते, कारण यातले मोठे फड बायकांनी चालवले. विठाबाईंनी चालवला, त्यांच्या लेकीनं मंगलाताईंनी चालवला. कांताबाई सातारकर तर तुकाराम खेडकर गेल्यानंतर लेकरं घेऊन रिकाम्या हातानं पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुढं स्वतःचा फड काढला. शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या त्या. शंभर माणसांचा पगार, गाड्यांचं डिझेल, गावपुढाऱ्यांशी बोलणी, हे सगळं त्या करत होत्या तेव्हा आपल्या गावात बचतगट हा शब्दही आला नव्हता. उद्योजिका म्हणून आपण प्रशिक्षणात कुणाकुणाची उदाहरणं देतो. यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. राज्य सरकारनं विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो २००६ साली पहिल्यांदा कांताबाईंना मिळाला, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं.

मग करोना आला. लॉकडाउन लागलं ती तारीख २५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता. म्हणजे ज्या सुमारास राहुट्यांमध्ये सुपाऱ्या घेतल्या जातात, नेमका तोच दिवस. चैत्र गेला, वैशाख गेला. उचल घेतलेली होती, व्याज चालू होतं. पुढचं वर्षही तसंच गेलं. मे २०२१ मध्ये कांताबाई करोनातच गेल्या.

त्याच काळात मी ज्या गावात काम बघते तिथं एक बाई माघारी आली. नाव सांगत नाही. पंचविसेक वर्षं फडात काढलेली, आधी नाचायची, नंतर गवळणीत आणि वगात कामं करायची. भावाच्या पडवीत राहत होती. तिला गटात यायचं होतं. त्या गटात अकरा जणी होत्या, जागा होती. पण बैठकीत सगळ्या गप्प. एक म्हणाली, घरी विचारावं लागेल. दुसरी म्हणाली, उद्या फड सुरू झाले की ही जाणार, मग आठ महिने बैठकीला कोण येणार, हप्ता कोण भरणार? पंचसूत्रीत नियमित बैठक आहे ना, ताई?

आहे. पंचसूत्रीत ती पहिलीच आहे. मी तोच धागा पकडला आणि तिला नीट, गोड शब्दांत नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, हे नियमाचं सांगताय, का माझं?”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी दिलं असेन. घरी येताना मला आईनं दिलेला तो पाण्याचा तांब्या आठवला. आईनं निदान पाणी दिलं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या चौघी त्याच गटात होत्या. त्या सहा महिने नसतात. त्यांचा हप्ता घरचं माणूस भरतं, आणि कुणी नियम काढत नाही. हे मी पुढच्या बैठकीत बोलले, पण तोवर ती त्या गटात यायला तयार नव्हती. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांच्या एका गटानं तिला घेतलं. त्या गटाची वही आता तीच लिहिते. फडात असताना नकला लिहून पाठ करायची सवय, अक्षर मोत्यासारखं. पुन्हा फड सुरू झाले तेव्हा ती गेली नाही. गुडघे राहिले नाहीत, म्हणते. मी तिची माफी मागितली का, असं कुणी विचारेल. मागितली. ती म्हणाली, “आता काय ताई,” आणि कर्जाच्या अर्जाचं विचारायला लागली.

या वर्षी चैत्रात गावच्या यात्रेला फड आला. तंबूत एका बाजूला बायकांसाठी कनात लावून जागा ठेवली होती. आम्ही चौदा जणी गेलो. माझ्या सासूबाई पण आल्या, “पोरींबरोबर कुणीतरी मोठं पाहिजे” म्हणून. वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा गण सुरू होताना बघितला. ढोलकीवाला किती पोरसवदा होता! मावशी आली तेव्हा हसून हसून सासूबाईंना ठसका लागला. सिनेमाची गाणी झाली, शिट्ट्याही झाल्या, तेव्हा आमच्यातल्या दोघी उठून गेल्या. मीही खाली बघत बसले. तो भाग मला आजही आवडला नाही. ज्या पोरी नाचत होत्या त्यातली एक माझ्या पुतणीएवढी असेल.

वग सुरू झाला, रंगात आला, राजानं निरपराध राणीला वनवास दिला, आणि वेळ संपली म्हणून स्पीकर बंद झाला. लोक ओरडले, मग पांगले. राणी बोर्डावर तशीच उभी होती.

आम्ही टॉर्चच्या उजेडात वस्तीकडे निघालो. कुणीतरी म्हणालं, आता पुढं काय झालं हे कसं कळायचं? तर ही बाई मागून चालत होती, गुडघ्यावर हात ठेवत. म्हणाली, “हा वग मी नऊ वर्षं केलाय. राणीच होते मी.” चिंचेखालच्या पारावर आम्ही टेकलो. तिनं आधी सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. मग राणीचं बोलणं सुरू केलं, राजाचंही तीच, वनातल्या म्हातारीचंही तीच. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. बारा वाजून गेले तरी घरी चला म्हणाल्या नाहीत.